दुष्काळाची लेक : पंडिता रमाबाई

(एस. वाय. बी. ए.)

आमच्या इतिहासाच्या पुस्तकात पंडिता रमाबाईंच्या वाट्याला सहा ओळी आल्या आहेत. जन्म १८५८, शारदा सदन १८८९, पुढे केडगावचे मुक्ती सदन, मृत्यू १९२२. परीक्षेत यावर पाच गुणांची टीप येते. ती टीप पाठ करीत असताना मी केडगाव या शब्दापाशी अडले. (नगरजवळचे केडगाव वेगळे, हे दौंड आणि पुणे यांच्यामधले.) या गावाच्या शिवारात मी राहिलेली आहे. राहिल्याचे मला आठवत नाही, ही गोष्ट निराळी.

वाचकहो, आमच्या सेनगाव तालुक्यातल्या कितीतरी गावांतून दसरा-दिवाळी झाली की कोयते निघतात. कोयता म्हणजे नुसते हत्यार नव्हे. ऊस तोडणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला मुकादम एक कोयता म्हणतो आणि त्या हिशोबाने उचल देतो. माझे माय-बाप असेच एक कोयता होते. मी दीड वर्षाची असताना त्यांचा फड केडगावच्या अलीकडे पडला होता. पाचटाच्या कोपीत, जुन्या लुगड्याच्या झोळीत मला निजवून माय पहाटे चार वाजता फडावर जाई. त्या भागातल्या गुऱ्हाळांचा वास तिला अजून आठवतो. जवळच कुणा बाईने एके काळी दोन हजार निराधार बायकामुलांना पोसले होते, हे मात्र तिला कुणी सांगितले नाही. कोण सांगणार?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. ग्रंथालयात पुस्तक कसे मागायचे हेही मला पहिल्या वर्षी ठाऊक नव्हते. दुसऱ्या वर्षी धीर करून मी रमाबाईंचे चरित्र मागितले, तेव्हा पुठ्ठा सुटलेले एक जुने पुस्तक मिळाले आणि नंतर त्यांनी स्वतः आपल्या जीवनाबद्दल लिहिलेलेही काही वाचायला मिळाले. ते मी नुसत्या टिपेसाठी वाचले नाही. त्यामागे माझे एक भांडण होते. ते आधी सांगते, म्हणजे पुढचे लिहिणे कळेल.

मी सातवीत असताना बा गेला. उसाने भरलेली ट्रॉली रात्री रस्त्याच्या कडेला कलंडली. त्या वर्षीची उचलही फिटली नव्हती. दहाव्याला आलेले सगळे एकच म्हणाले, देवाच्या मनात होते. आमची आजी वारकरी आहे. पंढरपूरहून आल्यावर आषाढ वद्य एकादशीला परतवारीसाठी नर्सीला नामदेवांच्या पायाशी जाऊन आल्याखेरीज तिची वारी पुरी होत नाही. पोटचा मुलगा गेला तरी तीही तेच म्हणाली. माय काहीच बोलली नाही. पुढच्या हंगामाला ती अर्धा कोयता म्हणून गेली आणि उरलेली उचल फेडून आली. मला मात्र फार राग आला. ज्याच्या मनात असले काही असते, त्याच्या पायाशी कशाला जायचे? त्या वर्षापासून मी आजीबरोबर नर्सीला जाणे सोडले.

अशा मनाने मी रमाबाईंकडे वळले. या बाईचे आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा असे एकामागून एक गेले, आणि तरी तिचा देवावरचा विश्वास वाढत गेला, असे पुस्तकाच्या पहिल्याच पानांत लिहिलेले होते. मला ते खरे वाटेना. कुठेतरी ती लबाडी करीत असेल आणि ती मी पकडीन, अशा हेतूनेच मी पुढे वाचीत गेले.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान. तरुणपणी ते आपल्या गुरूबरोबर पेशव्यांच्या वाड्यात जात. तिथे राणीसाहेब संस्कृत शिकतात हे पाहून त्यांना आश्चर्य वाटले आणि आपणही बायकोला शिकवायचे असे त्यांनी ठरविले. पहिल्या बायकोच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिले नाही. ती वारल्यावर तीर्थयात्रेत गोदावरीच्या काठी त्यांचे दुसरे लग्न झाले. नवरी अवघी नऊ वर्षांची. आज हे वाचून अंगावर काटा येतो. पण याच माणसाने त्या मुलीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. पंडितांपुढे जाब द्यावा लागला. शेवटी गाव सोडून सह्याद्रीच्या दाट रानात, गंगामूळ येथे, त्यांनी आश्रम बांधला. तुंगा आणि भद्रा या नद्यांचा उगम तिथे आहे. २३ एप्रिल १८५८ रोजी तिथेच रमाबाईंचा जन्म झाला.

आश्रमात येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवू घालता घालता शास्त्रीबुवांचा पैसा संपला. रमा सहा महिन्यांची असताना सगळे कुटुंब घराबाहेर पडले ते कायमचेच. तिला वेताच्या पेटीत घालून ती पेटी एका माणसाच्या डोक्यावर दिली होती. हे वाचताना मला माझी झोळी आठवली, हे कबूल करते. गावोगाव, क्षेत्रोक्षेत्री देवळात बसून पुराण सांगायचे आणि लोक देतील त्यावर राहायचे, असा त्यांचा व्यवसाय. चालता चालता आई रमेला पाठ देई. शाळा नाही, पाटी नाही. पहाटे आईने उठवून मांडीवर घ्यावे आणि श्लोक म्हणून घ्यावेत. पुराणांचे हजारो श्लोक तिला असेच तोंडपाठ झाले.

पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. आधीची वर्षेही टंचाईचीच होती. शास्त्रीबुवा म्हातारे झाले होते, डोळे गेले होते. अंगमेहनतीचे काम करायचे तर विद्वान ब्राह्मणाच्या घराला ते ठाऊक नाही आणि भीक मागायची तर लाज वाटते. मग त्यांनी देवाला साकडे घातले. शास्त्रात सांगितलेली व्रते केली, पवित्र नद्यांत स्नाने केली, उपास केले, मूर्तींच्या प्रदक्षिणा केल्या. होते नव्हते ते सोने-चांदी ब्राह्मणांना आणि देवाला दान दिले, की देव प्रसन्न होऊन भरभरून देईल. दागिने गेले, चांगली वस्त्रे गेली, अखेरीस तांब्या-पितळेची भांडी गेली. देवाने काही दिले नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी ते तिरुपतीकडच्या रानात शिरले ते मरण्यासाठीच. अकरा दिवस आणि अकरा रात्री त्यांनी पाणी, झाडाची पाने आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्या. वडील जलसमाधी घ्यायला निघाले. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला. आपण मोलमजुरी करू, पण तुम्ही हे करू नका, असे त्याने सांगितले. ज्याने कधी कुदळ धरली नव्हती त्या मुलाचा तो निर्णय मला या सगळ्या चरित्रातला फार मोठा क्षण वाटतो. पण उशीर झाला होता. १८७४ साली वडील गेले. थोड्याच दिवसांत आई गेली. आईचे प्रेत उचलायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा भाऊ आणि चौथी सोळा वर्षांची रमा. ती बुटकी होती. खांद्यावर घेतले तर तिरडी तिच्या बाजूला कलू लागे, म्हणून तिने आपली बाजू डोक्यावर घेतली. स्मशान तीन मैलांवर होते. त्यानंतर थोरली बहीण कृष्णाबाईही उपासमारीने खंगून गेली.

इथे मी पुस्तक मिटले आणि दोन दिवस उघडले नाही.

भाऊबहीण उरली. दोघे पायी उत्तरेकडे निघाली आणि काश्मीरपर्यंत गेली. पुढेमागे मिळून त्यांनी हजारो मैल पायाखाली घातले. कधी रानातली बोरे बियांसकट गिळायची. झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरायला काही नव्हते, तेव्हा वाळूत दोन खड्डे खणून ती त्यांत निजली आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. या भटकंतीतच त्यांचा जुन्या देवधर्मावरचा विश्वास उडाला. व्रत, दान, तीर्थ हे सगळे वडिलांनी मनापासून केले होते, त्यात कसूर नव्हती. मग फळ का आले नाही? रमाबाईंनी हा प्रश्न टाळला नाही. म्हणजे माझ्यासारखा राग त्यांनाही आला होता. मी मनातल्या मनात म्हटले, चला, निदान बाई लबाड नाही.

१८७८ साली ही दोघे कलकत्त्याला पोहोचली आणि नशीब एकदम पालटले. वीस वर्षांची मुलगी संस्कृत अस्खलित बोलते हे पाहून तिथले पंडित थक्क झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. सभा, व्याख्याने, मानसन्मान सुरू झाले. पण १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, भाषा वेगळी. आसामातल्या सिल्चरला त्यांचा संसार झाला. १८८१ साली मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. नवऱ्याच्या पुस्तकांत एकदा त्यांना बंगाली भाषेतले लूकचे शुभवर्तमान सापडले आणि ते त्यांनी आवडीने वाचले. ख्रिस्ती धर्माशी त्यांची ही पहिली जवळीक. नवऱ्याला ते फारसे रुचले नाही. संसार मात्र सुखाचा होता. तो दोन वर्षेही टिकला नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबाबू गेले.

चोविसावे वर्षही पुरे झालेले नाही, कडेवर दहा महिन्यांची पोर, माहेर नाही आणि सासर असून नसल्यासारखे. आमच्याकडे अशा बाईला नशीब फुटके म्हणतात आणि तिच्यापासून हळदीकुंकवाचे ताट लांब नेतात. माझ्या मायच्या पुढून ते जाताना मी पाहिलेले आहे.

रमाबाई पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली आणि शिक्षिका व स्त्री डॉक्टर तयार करा अशी मागणी केली. स्वतः डॉक्टर व्हावे म्हणून १८८३ साली त्या मुलीला घेऊन विलायतेला गेल्या. तिथे दोन आघात झाले. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने आत्महत्या केली. आणि रमाबाईंना कमी ऐकू येऊ लागले होते, त्यामुळे डॉक्टर होण्याचा रस्ताच बंद झाला.

याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. दुःखाने खचलेली बाई परक्या देशात फसली, असे त्या वेळी म्हटले गेले, अजूनही कुणी म्हणते. त्यांनी स्वतः दिलेले कारण वेगळे आहे. वाँटेजच्या जोगिणींनी त्यांना लंडनमधले आपले एक आश्रयगृह दाखविले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे आजाऱ्याची करावी तशी सेवा करून माणसात आणीत. ज्या शास्त्रांचे पाठ रमाबाईंना मुखोद्गत होते, त्यांत अशा बाईला जागा नव्हती आणि एकूणच स्त्रीला मोक्ष दूरच होता. या जोगिणी असे का करतात, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना येशू आणि विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई यांची गोष्ट सांगण्यात आली. मला वाटते, रमाबाईंच्या श्रद्धेची नाळ तिथे पुरलेली आहे. विहिरीवरच्या त्या टाकलेल्या बाईशी देव बोलला, हे त्यांना पटले.

मात्र नवा धर्म घेतला म्हणून त्यांनी मान तुकविली असे समजू नका. गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांची वर्षानुवर्षे पत्रांतून खडाजंगी चालली. मांस खाणार नाही, म्हणाल्या. क्रूसावर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नको, असे विचारले. धर्मगुरू सांगतात म्हणून अमुक मान, हे त्यांनी ऐकले नाही. देवावर विश्वास ठेवीन, पण प्रश्न विचारीत ठेवीन, असा त्यांचा बाणा होता. आजीला मी हे सांगितले तेव्हा ती हसली आणि म्हणाली की नामदेवही विठोबाशी भांडत होतेच की.

पुढची काही वर्षे भराभर सांगते. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी १८८६ साली रमाबाई अमेरिकेला गेल्या, तिथे हिंदू विधवांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, व्याख्याने देत देशभर फिरल्या आणि मदत उभी केली. परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईला चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. हिचेच पुढे महर्षी कर्व्यांशी लग्न झाले. १८९० साली सदन पुण्याला आले. १८९३ मध्ये गहजब झाला. इथे धर्म शिकविणार नाही असे वचन असताना मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात, असा आरोप 'केसरी'ने लावून धरला. रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले आणि वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी माझ्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करते, कुणाला बोलावीत नाही आणि हाकलीतही नाही. मला विचाराल तर टीकाकारांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. ज्या बाईने आई होऊन जवळ घेतले ती ज्या देवापुढे बसते, त्याच्याकडे पोरी ओढल्या जाणारच. पण ज्यांनी मुली काढून नेल्या त्यांनी त्यांचे पुढे काय केले, हेही कुणी विचारायला हवे होते.

आता ज्या भागासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो येतो.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाईंचे सदन पुण्यात बेताच्या पैशावर चालले होते. जाऊन काय करणार, आणलेल्या पोरींना कुठे ठेवणार, खायला काय घालणार? त्यांना धीर होईना. पण वीस वर्षांपूर्वीचे ते रान त्यांना झोपू देईना. भूक म्हणजे काय, तरुण मुलगी उपाशी रस्त्यावर असली की तिच्याकडे कोण कसे बघते, हे पुण्यातल्या इतर पुढाऱ्यांना ऐकून ठाऊक होते. रमाबाईंना ते भोगून ठाऊक होते. मला त्या वेळी जिवंत ठेवले ते कशासाठी, असा प्रश्न त्यांनी देवाला नव्हे, स्वतःला विचारला. आणि त्या निघाल्या. दुष्काळी छावण्या पाहिल्या. मुली पळविणारे दलाल आधीच तिथे पोहोचले होते. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली आणि बायका आणल्या. त्यांत चालता येत नव्हते अशा होत्या, अंगभर व्रणांच्या होत्या, अन्न दिसताच एकमेकींना ओरबाडणाऱ्या होत्या. पुण्यात प्लेगमुळे बाहेरची माणसे ठेवायला बंदी. मग फळबागेसाठी म्हणून घेतलेल्या केडगावच्या माळावर त्यांना नेले आणि आधी झोपड्या व राहुट्या उभारल्या. २४ सप्टेंबर १८९८ रोजी तिथे मुक्ती सदनाची स्थापना झाली. १९०० सालच्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्या. जेवणारी तोंडे दोन हजारांच्या घरात गेली.

याला ठरलेले उत्पन्न नव्हते. देणगी आली तर आली. उद्याचे धान्य कुठून येणार हे ठाऊक नसताना रमाबाई प्रार्थना करीत आणि विहिरी खणून घेत. दोन्ही एकाच वेळी. आंधळ्या बायकांसाठी वेगळे सदन, म्हाताऱ्यांसाठी वेगळे, आणि ज्यांना कुणीच दारात उभे करीत नाही अशांसाठी कृपा सदन. दळण, शिवण, विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभते, शेती, छापखाना अशी सगळी कामे बायकाच करीत.

लोक आमच्या दारात देवाच्या मनात होते असे म्हणाले ते विषय मिटविण्यासाठी. म्हटले, चहा घेतला आणि उठले. रमाबाईही जवळजवळ तेच शब्द वापरतात. आपल्या साऱ्या दुःखांतून देवच आपल्याला नेत होता, असे त्या लिहितात. पण त्यांच्या बाबतीत त्या शब्दांपाशी विषय मिटत नाही, तिथून कामाला लागायचे असते. आई-वडील उपाशी मेले ते चांगले झाले, असे त्या कुठेही म्हणत नाहीत. तरीही एक गोष्ट मला आजसुद्धा पटत नाही, ती सांगून टाकते. रमाबाईंना तयार करण्यासाठी दुष्काळ आला असे म्हणायचे, तर त्या म्हाताऱ्या आंधळ्या शास्त्रीबुवांचे काय? कृष्णाबाईचे काय? त्यांचाही देवाशी काही हिशोब होता की नाही? यावर मी पुष्कळ विचार केला. उत्तर सापडले नाही.

आणि रमाबाईंनाही प्रत्येक वेळी सापडले असेल असे वाटत नाही. मनोरमा हा त्यांच्या आयुष्यातला एकच रक्ताचा धागा उरला होता. तीही विद्वान, बी. ए. झालेली, शारदा सदनाची मुख्य. अमेरिकेत असताना ती आंधळ्यांची लिपी शिकून आली होती आणि मुक्तीतल्या आंधळ्या बायकांना वाचायला शिकवीत असे. १९१२ साली तिने गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली. गुलबर्गा तेव्हा आमच्या हिंगोलीसारखेच निजामाच्या राज्यात होते. आमच्या पणज्यांच्या काळी त्या मुलखात मुलींना शिकवायला कुणी येणे ही साधी गोष्ट नव्हती. आईच्या मागे मुक्ती सदन तीच सांभाळणार असे ठरले होते. जुलै १९२१ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, ती हृदयविकाराने गेली. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, कानांनी जवळजवळ ऐकू येत नव्हते. या दुःखातून पुढे कुठले मोठे काम उभे राहिले असे दाखविता येत नाही. शेवट आठ-नऊ महिन्यांवर आलेला होता.

त्या काय करीत होत्या? बायबल मराठीत उतरवीत होत्या. पूर्वीचे भाषांतर पंडिती वळणाचे, संस्कृत शब्दांनी भरलेले होते. दळण-कांडण करणाऱ्या बायकांना ते कळत नसे. म्हणून साऱ्या बंगाल्याला संस्कृतने दिपविणाऱ्या या बाईने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले आणि मुद्दाम साध्या, बोलण्यातल्या मराठीत भाषांतर मांडले. जवळजवळ अठरा वर्षे हे काम चालले. खिळे जुळविणे, छापणे, पाने दुमडणे हे सगळे मुक्तीतल्या बायकांनी केले. त्यांतल्या कितीजणी दुष्काळातून आल्या तेव्हा अक्षरसुद्धा ओळखत नव्हत्या. मनोरमा गेल्यावरही मुद्रिते तपासणे थांबले नाही. शेवटचे काम हातावेगळे होईपर्यंत दहा दिवस दे, अशी त्यांनी देवाजवळ मागणी केली आणि ते झाले, असे सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे त्या झोपेतच गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ साली.

मी ख्रिस्ती नाही आणि होणारही नाही. आमच्या घरात विठोबाच पुरून उरला आहे. रमाबाईंची लबाडी पकडायला निघाले होते, ती सापडली नाही. माझे भांडण मिटले असेही नाही. या वर्षी मात्र परतवारीला मी आजीबरोबर नर्सीला गेले. गर्दी खूप होती, दर्शनाला चार तास लागले. आजीने काही विचारले नाही, मीही काही सांगितले नाही. रांगेत तिने फक्त आपली पिशवी माझ्या हातात दिली.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मायला हे चरित्र वाचून दाखविले. तिला वाचता येत नाही. दिवसभर हळदीच्या रानात खुरपून आली की ती भाकरी थापी आणि मी चुलीच्या उजेडात वाची. कलकत्त्याच्या पदव्या तिने मुकाट्याने ऐकल्या. अमेरिकेशी तिला कर्तव्य नव्हते. आईचे प्रेत डोक्यावर घेतल्याचे वाचले तेव्हा तिने भाकरी उलटायची थांबविली आणि पोर किती उंच होती ते विचारले. उसाची मोळी बुटक्या बाईला कशी डोक्यावर घ्यावी लागते ते तिने मला हाताने करून दाखविले.

केडगावचे आले तेव्हा ती सरसावून बसली. आपण तिथल्याच शिवारात होतो, हे तिला मी दोनदा सांगितले. दोन हजार माणसे हे ऐकून तिने आधी मान हलविली, तिला ते खरे वाटेना. मग माणशी दोन वेळच्या भाकरी धरून तिने विचारले की इतक्या जणींना रोजचे पीठ किती लागत असेल; आणि मी वही घेईपर्यंत स्वतःच बोटांच्या पेरांवर पायल्या मोजू लागली.